वाहन थांबलेले, सात मिनिटे

सोहारच्या भरणीवर पहाटे चारला रांग लागते.
निळे टँकर, पोटावर अरबीत लिहिलेलं: पिण्याचं पाणी.
दिवसाला नऊ खेपा.
दहावी झाली तर दीड रियाल वर.
दहावी मी सोडत नाही.

शरयू गुरुवारी फोनवर विचारते, दिवा लावलात?
लावला, म्हणतो.
खोटं नाही ते. कॅम्पच्या खोलीत ज्योत चालत नाही,
छतावरचं यंत्र बोंबलतं,
म्हणून सेलवरचा आणलाय, लाल बल्बचा.
रवळनाथाच्या तसबिरीपुढे तो आपला आपण जळतो,
मी असलो नसलो तरी.
माघात कधीतरी विझला असावा.
मला दिसलं चैत्रात,
मोजे शोधताना.

राग मानू नको, देवा.
तुझ्यासाठी थांबायचं म्हणजे
कुणाच्या तरी गच्चीवरची टाकी कोरडी ठेवायची,
असं मी स्वतःला समजावतो
आणि रात्री अर्धा तास फोनवर
कुणा अनोळखी माणसाचं मासे तळणं बघतो.

हेल्पर मोफिजुल, चट्टग्रामचा.
असरच्या वेळी त्याची बोटं डॅशबोर्डवर दोनदा वाजतात.
मी लिवाच्या रस्त्याला, घाफच्या झाडाखाली गाडी घेतो.
तो मागच्या नळावर हातपाय धुतो, जपून,
पाणी विकायचं आहे म्हणून बाटलीभरच.
पुठ्ठा अंथरतो.
मी एसी चालू ठेवून फोन.
सात मिनिटं. सहा वर्षं.
कुरियनसाहेबांची त्याला मुभा आहे.

मग मोफिजुल मुलीच्या लग्नाला गावी गेला.
तिसऱ्या दिवशी सव्वातीनला
स्टिअरिंग आपसूक झाडाकडे वळलं.
हँडब्रेक ओढल्यावर ध्यानात आलं,
उतरणारं कुणी नाही.
फोन खिशात होता. चार्जही होता.
का कोण जाणे, उतरलो.

त्याचा पुठ्ठा सीटमागे होता, त्याला हात लावला नाही.
चपला काढल्या, वाळू भाजली, परत घातल्या.
हात जोडले तर तोंडात काही नाही,
अर्धी आरती, शाळेतला एक श्लोक,
त्यातही मधली ओळ गळालेली.
आणि मग गाऱ्हाणं आलं,
देवळासमोर गावकार घालायचे तसं:

बा रवळनाथा, महाराजा,
आज ह्यां तुझां लेकरू परमुलखात उन्हात उभां आसा.
नऊ खेपो मारता, धाव्येची हाव सुटणा नाय.
तुका इसारलां, तां खरां.
बापाशीचो डोळो, झिलाची फी,
जां काय आडलां-नडलां आसात, तां पार कर,
चुकला-माकला पोटात घाल रे महाराजा…

इथे थांबलो.
इथे सगळ्यांनी म्हणायचं असतं, व्हय महाराजा.
वीसजण, पन्नासजण,
मागे बिडी विझवत उशिरा म्हणणारा एखादा.
त्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही.

वाट पाहिली.
एक ट्रेलर गेला. झाड हललं.
मागच्या नळाचा थेंब पडला,
खालच्या ओल्या खळग्यात,
जिथे एक मुंगळा पाणी पीत होता.

तो होकार होता असं मी म्हणणार नाही.
वायसर गेलेला, एवढंच.

पण दुसऱ्या दिवशी मी वायसर बदलला नाही.
तिसऱ्याही नाही.

महिनाअखेर ऑफिसातून कागद आला:
वाहन थांबलेले, सात मिनिटे, रोज, एकाच जागी.
हेल्पर रजेवर.
दहावी खेप: चार वेळाच.
कारण?
रकाना अंगठ्याएवढा.

बराच वेळ पेनचं टोपण चावलं.
मग लिहिलं: गळती तपासत होतो.

कुरियनसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
अजून किती दिवस लागतील?

म्हटलं, साहेब,
मोठी आहे.